फ्लॅवोनॉइड यकृताच्या पेशींना ऑक्सिडेटिव्ह ताणापासून नेमके कसे वाचवतात?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत. वनस्पतींतील फ्लॅवोनॉइड यकृताच्या पेशींचे ऑक्सिडेटिव्ह ताणापासून, म्हणजे मुक्तकण नावाच्या अतिक्रियाशील रेणूंच्या माऱ्यापासून, संरक्षण कसे करतात, हा पहिला प्रश्न. वडिलांच्या सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघाल्यामुळे औषधाच्या दुकानदाराने सुचवलेल्या सिलिमरिनच्या गोळ्या आणि ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल त्यांना द्याव्यात का, हा दुसरा. मी औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना औषधक्रियाशास्त्र शिकवते आणि पदव्युत्तर अभ्यासात उंदरांच्या यकृतावर काम केलेले आहे. त्यामुळे पहिल्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहिते; दुसऱ्याचे उत्तर बरेचसे त्यातूनच मिळेल.

यकृतालाच हा ताण इतका का सोसावा लागतो, ते आधी पाहू. आतड्यातून शोषले गेलेले जवळजवळ सगळे पदार्थ प्रतिहारी शिरेतून प्रथम यकृतात येतात. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त या वाटेने येते, म्हणजे अन्न असो, औषध असो वा विष, पहिली गाठ यकृताशीच पडते. तिथल्या एकेका पेशीत हजारांच्या घरात तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) असतात आणि ऊर्जा तयार करताना त्यांच्यातून सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा मुक्तकण थोडाथोडा सतत निसटत राहतो. शिवाय परक्या रसायनांचे ऑक्सिडीकरण करणारी सायटोक्रोम पी-४५० या गटातील विकरे (एन्झाइम) इथेच सर्वाधिक आहेत. या गटातील २-ई-१ हे विकर मद्यपानाने वाढते आणि फॅटी लिव्हरमध्येही वाढलेले आढळते. काम करताना ते मुक्तकण सांडत असते. सुपरऑक्साइडपासून हायड्रोजन पेरॉक्साइड होते, आणि त्याची मोकळ्या लोहाशी गाठ पडली की हायड्रॉक्सिल मुक्तकण जन्माला येतो, जो समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतो. पेशीत मेदाचे थेंब साठलेले असतील तर त्या मेदाचेही ऑक्सिडीकरण होऊन त्यातून नवी विषारी द्रव्ये निर्माण होतात. फॅटी लिव्हर वर्षानुवर्षे निमूट राहते आणि काही जणांत पुढे सुजू लागते, त्यामागच्या कारणांपैकी हे एक आहे.

या सगळ्याला तोंड देण्यासाठी पेशीकडे स्वतःची शिबंदी असते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि कॅटालेज ही विकरे तिच्यात येतात, परंतु सर्वांत महत्त्वाचे आहे ते ग्लुटाथायोन, पेशी स्वतः बनवते तो एक छोटा संरक्षक रेणू. त्याचे महत्त्व पॅरासिटामॉलच्या उदाहरणावरून चांगले कळते. नेहमीच्या मात्रेतील पॅरासिटामॉलचा बहुतेक भाग निरुपद्रवी रूपात लघवीवाटे निघून जातो. थोडासा भाग मात्र वर सांगितलेल्या विकरांमुळे नॅपक्वी नावाच्या अत्यंत क्रियाशील द्रव्यात बदलतो आणि ग्लुटाथायोन त्याला लगेच बांधून टाकते. कोणी एका वेळी फार गोळ्या घेतल्या, तर ग्लुटाथायोनचा साठा उपसला जातो. तो मूळच्या सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेला की नॅपक्वी तंतुकणिकांतील प्रथिनांना चिकटू लागते, आणि मग पेशी मरतात. यावरचा उतारा म्हणून दिले जाणारे एन-ॲसिटिलसिस्टीन स्वतः फारसे मुक्तकण टिपत नाही. ते पेशीला ग्लुटाथायोन बनवण्याचा कच्चा माल पुरवते. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण फ्लॅवोनॉइडची गोष्टही शेवटी याच दिशेने जाते.

आता फ्लॅवोनॉइडकडे येऊ. वनस्पती ही द्रव्ये अतिनील किरणांपासून आणि किडींपासून बचावासाठी तयार करतात. कांद्यातील क्वेर्सेटिन, चहातील कॅटेचिन, जांभळाचा रंग देणारी अँथोसायनिन ही त्यांतली आपल्या ओळखीची. रचना साधी आहे. कडेला दोन सुगंधी (ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझिनसारखी) वलये, आणि त्यांना जोडणारे तीन कार्बन. त्यांतल्या एका वलयावर शेजारीशेजारी दोन हायड्रॉक्सिल गट असले, की तो रेणू आपला हायड्रोजन सहज देऊन टाकतो आणि स्वतः मुक्तकण बनूनही बऱ्यापैकी शांत राहतो. परीक्षानळीत हे पाहायला फार मोहक असते. डीपीपीएच या द्रव्याचे गर्द जांभळे द्रावण घ्यावे, त्यात कोणत्याही पाल्याचा अर्क टाकावा, की काही मिनिटांत ते पिवळे पडते. औषधनिर्माणशास्त्राच्या प्रयोगशाळांत अशी जांभळी-पिवळी निरीक्षणे ढिगाने पडलेली आहेत आणि त्यांच्याच आधारावर 'मुक्तकण शोषून घेणारा स्पंज' ही फ्लॅवोनॉइडची लोकप्रिय प्रतिमा उभी राहिली आहे.

जिवंत यकृतात हा स्पंज चालत नाही, आणि का चालत नाही ते साध्या हिशेबाने कळते. यकृताच्या पेशीत ग्लुटाथायोनचे प्रमाण साधारण ५ ते १० मिलिमोलर असते. कांदा किंवा चहा घेतल्यानंतर रक्तात पोचणारे फ्लॅवोनॉइड बहुधा १ मायक्रोमोलरच्या (मिलिमोलरच्या हजाराव्या भागाच्या) आतबाहेर, म्हणजे ग्लुटाथायोनच्या पाच ते दहा हजारांतला एक भाग असते. तेही मूळ रूपात क्वचितच उरते, कारण आतड्याच्या अस्तरात आणि खुद्द यकृतात त्याला ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडले जाते आणि ज्या हायड्रॉक्सिल गटांच्या जोरावर ते मुक्तकण टिपणार होते त्यांपैकी काही गट झाकले जातात. जे शोषलेच जात नाही त्याचे मोठ्या आतड्यातील जिवाणू लहान तुकडे करतात. हायड्रॉक्सिल मुक्तकण तर जन्मल्या जागीच शेजारच्या रेणूवर आदळतो. हजारो इतर रेणूंच्या गर्दीत त्याची पहिली गाठ फ्लॅवोनॉइडशीच पडेल, ही अपेक्षाच फोल आहे. सफरचंदे खाल्ल्यावर रक्ताची ऑक्सिडीकरण रोखण्याची क्षमता वाढते, हे खरे आहे. परंतु २००४ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले, की ती वाढ सफरचंदातील फ्लॅवोनॉइडमुळे होत नसून त्यातल्या फ्रुक्टोजमुळे वाढणाऱ्या युरिक आम्लामुळे होते. अमेरिकेच्या कृषी खात्यानेही खाद्यपदार्थांच्या अशा परीक्षानळीतील क्षमतेची आपली सूची २०१२ साली मागे घेतली. डब्यांवरच्या जाहिरातींपर्यंत ही बातमी अजून पोचलेली दिसत नाही.

मग फ्लॅवोनॉइड काहीच करत नाहीत का? करतात, पण ते काम निराळे आहे, आणि माझ्या मते स्पंजाच्या कल्पनेपेक्षा कितीतरी अधिक रंजक आहे. पेशीत एनआरएफ-२ नावाचे एक प्रथिन असते. एरवी कीप-१ हे दुसरे प्रथिन त्याला धरून ठेवते आणि नष्ट होण्यासाठी पुढे पाठवत राहते, त्यामुळे तयार झालेले एनआरएफ-२ जेमतेम वीसेक मिनिटे टिकते. कीप-१ वर सिस्टीनचे काही गट बाहेर डोकावत असतात आणि ते क्रियाशील द्रव्यांच्या बाबतीत अतिशय हळवे असतात. कॅटेकॉल गट, म्हणजे वर सांगितलेले शेजारीशेजारचे दोन हायड्रॉक्सिल गट, असलेल्या फ्लॅवोनॉइडचे पेशीत ऑक्सिडीकरण झाले, की त्याचा क्विनोन बनतो, आणि हा क्विनोन त्या सिस्टीनला जाऊन चिकटतो. कीप-१ ची पकड तेवढ्याने सुटते, एनआरएफ-२ साठू लागते, पेशीकेंद्रकात शिरते आणि एका ठरावीक खुणेच्या डीएनएवर बसून एकदम अनेक जनुके जागी करते. ग्लुटाथायोन बनवण्याचा वेग ठरवणारे विकर, ते विषाला जोडून देणारी ट्रान्सफरेज विकरे, हीम ऑक्सिजिनेज-१, क्विनोनांना निष्प्रभ करणारे एनक्यूओ-१, अशी सगळी फौज त्यातून उभी राहते. कीप-१ आणि एनआरएफ-२ यांचे हे नाते १९९९ साली जपानमधील मासायुकी यामामोतो यांच्या गटाने उलगडले.

या यंत्रणेचा अर्थ नीट पाहिला तर लक्षात येते, की फ्लॅवोनॉइड पेशीला वाचवते ते तिला किंचित डिवचून. पेशी त्याच्याकडे परके, थोडेसे त्रासदायक द्रव्य म्हणूनच पाहते आणि आपली शिबंदी वाढवते. खरा हल्ला पुढे होतो तेव्हा तोंड देते ती ही वाढलेली शिबंदी. त्यामुळे अत्यल्प प्रमाणातले द्रव्यही परिणाम करू शकते, कारण त्याला मुक्तकण एकेक करून टिपायचे नसून फक्त एक कळ दाबायची असते. वेळेचा हिशेबही यातून लागतो: जनुके जागी होऊन विकरे तयार व्हायला काही तास जातात, म्हणून विष चढल्यावर दिलेल्या फ्लॅवोनॉइडकडून या वाटेने फारशी आशा धरता येत नाही. आणि तिसरी गोष्ट, जिच्याकडे दुर्लक्ष होते: क्विनोन फार झाले तर तेच ग्लुटाथायोन खर्ची पाडतात. थोडे डिवचणे आणि जखमी करणे या एकाच रस्त्याच्या दोन बाजू नसून दोन टप्पे आहेत.

याखेरीज काही वाटा आहेत, त्या थोडक्यात सांगते. काही फ्लॅवोनॉइड लोहाला पकडून ठेवतात आणि हायड्रॉक्सिल मुक्तकण तयार होण्याची शक्यता कमी करतात. काही फ्लॅवोनॉइड एनएफ-कप्पा-बी या दाहाच्या मुख्य संकेताला आवर घालतात, तर काही यकृतात व्रण (फायब्रोसिस) निर्माण करणाऱ्या तारकापेशींना शांत ठेवतात. हे सर्व पेशींच्या संवर्धनात दिसलेले आहे, बऱ्याचदा १० ते १०० मायक्रोमोलर इतक्या मात्रेत, जी जेवणातून रक्तात कधीच पोचत नाही. त्यामुळे या वाटांना मी दुय्यम स्थान देते.

प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल स्वतःचाच अनुभव सांगते, कारण 'अमुक अर्काने यकृताचे ९० टक्के संरक्षण झाले' अशा बातम्या याच प्रयोगांतून येतात. माझ्या प्रबंधात मी एका रानभाजीचा फ्लॅवोनॉइडयुक्त अर्क उंदरांना सात दिवस दिला आणि सातव्या दिवशी, अर्क दिल्यावर तासाभराने, कार्बन टेट्राक्लोराइड टोचले. दुसऱ्या दिवशी अर्क मिळालेल्या उंदरांचे एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे विकर) इतरांपेक्षा कितीतरी कमी होते, यकृताचे काप देखणे होते, आणि मी खूश होते. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: कार्बन टेट्राक्लोराइड स्वतः विषारी नसते, त्याचा ट्रायक्लोरोमेथिल मुक्तकण बनवणारे विकर यकृतातच असते, तुमच्या अर्काने ते विकरच बंद पाडले नाही कशावरून? माझ्याकडे उत्तर नव्हते. २-ई-१ ची क्रिया मी मोजलीच नव्हती. विष तयारच होऊ दिले नाही, तर यकृत सुरक्षित दिसणारच, पण त्याला ऑक्सिडेटिव्ह ताणापासून संरक्षण म्हणता येत नाही. ज्या माणसाच्या यकृतात मेद आणि दाह वर्षानुवर्षे मुरलेला आहे त्याला त्याचा उपयोगही नाही. पॅरासिटामॉल देऊन केलेल्या प्रयोगांतही हीच गोम असते, आणि त्यात अर्क विरघळवायला डीएमएसओ वापरले असेल तर ते एकटेच या विकराला रोखते. तेव्हापासून कोणताही असा शोधनिबंध हाती आला की अर्क विषाच्या आधी दिला की नंतर, आणि चयापचय करणारे विकर मोजले की नाही, या दोन गोष्टी मी आधी शोधते. बहुतेक वेळा निबंध तिथेच मिटवावा लागतो.

सिलिमरिनची कथा याहून बरी आहे. ते मिल्क थिसल या भूमध्य समुद्राकाठच्या काटेरी झुडपाच्या फळांतून मिळते. आपल्या करडईच्याच कुळातले हे झाड आहे. त्यातील मुख्य द्रव्य सिलिबिनिन हे फ्लॅवोनोलिग्नन, म्हणजे फ्लॅवोनॉइडला लिग्ननसारखा तुकडा जोडलेला रेणू. तोंडावाटे घेतल्यावर त्याचे शोषण कमी होते, परंतु जे शोषले जाते ते रक्तापेक्षा पित्तात कितीतरी पट जास्त साठते, आणि यकृतासाठी ही सोयीची गोष्ट आहे. युरोपात ॲमॅनिटा फॅलॉइडिस या प्राणघातक अळिंबीच्या विषबाधेवर सिलिबिनिन शिरेतून देतात. गंमत अशी, की तिथे त्याचे मुख्य काम ऑक्सिडीकरण रोखण्याचे नाहीच. अळिंबीचे विष यकृताच्या पेशीत ज्या वाहक प्रथिनांच्या दारातून शिरते ती दारे सिलिबिनिन अडवते. फ्लॅवोनॉइड वर्गातील द्रव्याने यकृत वाचवल्याचे हे सर्वांत नावाजलेले उदाहरण, आणि त्यातही मुक्तकणांचा वाटा गौण.

दीर्घकालीन आजारांत मात्र सिलिमरिनचे निकाल माफकच आहेत. हेपॅटायटिस-सीच्या १५४ रुग्णांवर अमेरिकेत झालेली आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेली चाचणी मोठ्या मात्रेची होती: ४२० किंवा ७०० मिलिग्रॅम, दिवसातून तीन वेळा, २४ आठवडे. एएलटी, म्हणजे आपल्या अहवालावरचे एसजीपीटी, निष्क्रिय गोळीपेक्षा अधिक उतरले नाही. वडिलांच्या आजाराच्या जवळची चाचणी मलेशियात झाली. ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. मेदामुळे सूज आलेल्या यकृताच्या ९९ रुग्णांना ७०० मिलिग्रॅम सिलिमरिन किंवा निष्क्रिय गोळी दिवसातून तीनदा ४८ आठवडे देऊन यकृताचा तुकडा तपासला गेला. ठरवलेली मुख्य सुधारणा सिलिमरिन घेणाऱ्यांपैकी ३२.७ टक्के रुग्णांत आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी २६ टक्के रुग्णांत दिसली, हा फरक योगायोगाचाही असू शकतो. व्रण कमी होण्यात फरक अधिक दिसला, २२.४ विरुद्ध ६ टक्के, म्हणून या द्रव्याला मी पूर्ण मोडीत काढत नाही. परंतु दुकानात मिळणारी गोळी साधारण १४० मिलिग्रॅमची असते, हे दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावे. सिलिमरिनचा गुण हा, की त्याने अपाय क्वचित होतो. पोट ढिले होणे ही नेहमीची तक्रार.

ग्रीन टीच्या अर्काबद्दल मात्र मी स्पष्ट नाही म्हणेन. चहा म्हणून ग्रीन टी पिणाऱ्यांच्या पोटात ईजीसीजी हे कॅटेचिन रोज सरासरी ९० ते ३०० मिलिग्रॅम जाते आणि त्याने काही बिघडत नाही. अर्काच्या कॅप्सूलमधून ते कधीकधी १००० मिलिग्रॅमपर्यंत जाते. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली असा निष्कर्ष काढला, की पूरक म्हणून घेतलेले रोजचे ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी यकृताची विकरे रक्तात वाढवते. उपाशीपोटी घेतल्यास ते रक्तात आणखी जास्त पोचते, आणि वजन कमी करू पाहणारी माणसे नेमकी उपाशीपोटीच घेतात. वर म्हटलेला डिवचण्याचा टप्पा ओलांडून जखमेचा टप्पा सुरू होतो तो इथे. काहींना तर कमी मात्रेतही तीव्र कावीळ होते; अशा रुग्णांत एचएलए-बी ३५:०१ हा जनुकप्रकार अपेक्षेपेक्षा बराच जास्त आढळला आहे, म्हणजे हा धोका कोणाला आहे ते चेहऱ्यावरून कळत नाही.

आपण विचारले नाही, तरी घरात कोणीतरी सुचवेलच म्हणून लिहिते. हळदीतील करक्युमिन, कुटकीतील पिक्रोसाइड आणि भुईआवळ्यातील फिलॅन्थिन ही फ्लॅवोनॉइड नाहीत. त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो आणि एकाचा पुरावा दुसऱ्याला लावता येत नाही. फोडणीतल्या हळदीची काळजी नको, पण मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या करक्युमिनच्या कॅप्सूलनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यांतही तोच जनुकप्रकार भेटतो. गुळवेलीबाबत मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ साली सहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला होता. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद बाजूला ठेवला, तरी आधीच आजारी असलेल्या यकृतावर काढ्यांचे प्रयोग करू नयेत असे माझे मत आहे.

तेव्हा वडिलांसाठी: ग्रीन टीच्या कॅप्सूल परत करा. सिलिमरिन डॉक्टरांनी लिहून दिले तर घेऊ द्या, मात्र त्यांच्या मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना दाखवूनच, आणि गोळी चालू आहे म्हणून बाकीचे सोडू नका. वजन जास्त असेल तर त्यातले ७ ते १० टक्के कमी झाल्यावर यकृतातील मेद आणि सूज दोन्ही जितकी उतरतात तितकी कोणत्याही फ्लॅवोनॉइडने उतरल्याचे मी वाचलेले नाही. जेवणात कच्चा किंवा शिजलेला कांदा, शेवग्याचा पाला, जांभळे, चहा हे जरूर असू द्या. नेदरलँड्समध्ये १९९५ साली झालेल्या एका प्रयोगात कांद्यातील क्वेर्सेटिनचे ५२ टक्के शोषण झाले होते, तर शुद्ध क्वेर्सेटिनचे केवळ २४ टक्के, कारण कांद्यात ते साखरेला जोडलेले असते आणि आतडे त्याला त्या रूपात अधिक सहज आत घेते. कांद्यात हे द्रव्य बाहेरच्या पाकळ्यांत सर्वाधिक असते, त्यामुळे सोलताना वरच्या दोन-दोन पाकळ्या काढून टाकण्याची सवय असेल तर एकावर थांबा. आणि कोणतीही कॅप्सूल चालू असताना वडिलांना अन्नावरची वासना गेल्यासारखी वाटली, लघवी गडद झाली किंवा अंगाला खाज सुटली, तर त्याच दिवशी ती बंद करून एलएफटी (यकृताच्या कार्याची रक्ततपासणी) करून घ्या आणि कॅप्सूलचा डबा डॉक्टरांकडे सोबत न्या.